देण्याचा गुलाब, माळायचा मोगरा

मागच्या भागात आपण जिंजीच्या वेढ्यात होतो. आज वेढा नाही, तोफा नाहीत. आजचा विषय अत्तर. माझ्या पलटणीतल्या जुन्या मित्रांनी हे ऐकलं तर म्हणतील, कर्नलसाहेब निवृत्त झाले आणि थेट अत्तराच्या दुकानात शिरले. खरं आहे. शिरलोच होतो, आणि तिथं एका म्हाताऱ्या दुकानदारानं असा एक प्रश्न विचारला की त्याचं उत्तर शोधता शोधता हा भाग तयार झाला.

गेल्या वर्षी आमच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा तंजावरी मराठी घराण्यातला. चार-पाच पिढ्या तमिळनाडूत, घरात मराठी, दारात तमिळ. सीमांतपूजन आमच्याकडे. हिनं सामानाची यादी केली, त्यात एक ओळ होती: ‘अत्तर, एकच, पण चांगलं.’ ते काम माझ्याकडे आलं. चेन्नईत अत्तरासाठी जायचं म्हणजे तिरुवल्लिकेणीला, ज्याला आपण ट्रिप्लिकेन म्हणतो. वालाजाह मशिदीच्या आसपास जुनी अत्तराची दुकानं आहेत. ही मशीद १७९५ ची, अर्काटच्या नवाबांच्या घराण्यानं बांधलेली. तिथून जवळच नवाबांचा चेपॉक महाल.

दुकानदार दखनी बोलणारा. मी म्हटलं, फुलांचं काहीतरी दाखवा. त्यानं दोन कुप्या काढल्या, एक गुलाबाची, एक मोगऱ्याची. माझ्या डाव्या हाताच्या पाठीला गुलाब लावला, उजव्या हाताला मोगरा. आणि विचारलं, “साब, देने का होना कि लगाने का?”

कुठलं आवडलं, असं त्यानं विचारलं नाही. देण्यासाठी की लावण्यासाठी, असं विचारलं. आवडीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, या प्रश्नाला नव्हतं. मी म्हटलं, तासाभरात येतो. दोन हातांना दोन वास घेऊन बाहेर पडलो आणि चालायला लागलो. तुम्हीही माझ्याबरोबर चला. सगळं चालण्याच्या अंतरात आहे.

आधी डावा हात, म्हणजे गुलाब.

आपण ‘गुलाबपाणी’ म्हणतो, त्यात पाणी दोनदा येतं. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. गुलाब हे आधी त्या पाण्याचंच नाव. आपल्याकडे येता येता ते फुलाला चिकटलं आणि पाण्यासाठी पुन्हा ‘पाणी’ जोडावं लागलं. तमिळमध्ये याच पाण्याला ‘पन्नीर’ म्हणतात. नवा मराठी माणूस इथल्या लग्नाला गेला आणि दारातच “पन्नीर, पन्नीर” ऐकलं की त्याला जेवणाची पंगत आठवते. माझं तसं झालं होतं. मी तेव्हा सेंट थॉमस माउंटच्या लष्करी प्रशिक्षण शाळेत कॅडेट होतो, भूक कायमच लागलेली असे.

गुलाबाचं अत्तर कसं सापडलं, याची एक जुनी नोंद आहे. बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की त्याच्या सासूबाई, म्हणजे नूरजहानची आई अस्मत बेगम, गुलाबपाणी काढत असताना गरम पाण्याच्या भांड्यावर तवंग येतो असं त्यांच्या लक्षात आलं. तो थोडा थोडा गोळा केला. वास इतका उग्र की तळहातावरच्या एका थेंबानं सगळी मजलिस दरवळावी. सलीमा सुलतान बेगमनं त्याला ‘इत्र-ए-जहांगिरी’ नाव दिलं. एक किलो तेल काढायला आजही साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे हे तेल खजिन्यात ठेवायची वस्तू होतं.

आता गुलाबाचा एक गुण लक्षात ठेवा. तो उकळत्या पाण्याला घाबरत नाही. वाफेबरोबर त्याचा वास निघतो, पाण्यात विरघळूनही राहतो. म्हणून गुलाब बाटलीत भरता येतो, उंटावर लादून शे-दोनशे कोस नेता येतो, वर्षभर ठेवता येतो आणि एका गुलाबदाणीतून पाचशे माणसांवर शिंपडता येतो. राज्यकर्त्याला अशीच वस्तू हवी असते. साठवता येणारी, मोजता येणारी आणि सर्वांसमोर देता येणारी.

दख्खनमध्ये ही संस्कृती विजापुरात रुजली होती. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात तिथं सुगंधावर ‘इत्र-ए-नौरस शाही’ नावाचा स्वतंत्र ग्रंथ झाला. शहाजीराजे याच आदिलशाहीचे सरदार, आणि त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे १६७० च्या दशकात तंजावरला आले ते विजापूरचे सेनानी म्हणूनच. माझा असा अंदाज आहे की तलवार, पागा आणि मोडी दप्तर यांच्याबरोबर दरबारी अत्तर-गुलाबही त्याच वाटेनं कावेरीकाठी आलं असणार.

मराठी दरबारात अत्तर-गुलाब आणि विडा आला की भेट संपली असं समजायचं. पाहुण्याला ‘आता निघा’ म्हणायची ही सभ्य रीत. पण खरी मेख अत्तर कोण लावतो यात होती. राजानं स्वतः लावलं तर मान मोठा. कारभाऱ्यानं लावलं तर एक पायरी खाली. इंग्रजांनी ही मेख बरोबर ओळखली. त्यांच्या दरबारांत ‘अत्तर-पान’ हा कार्यक्रमाचा ठरलेला भाग झाला. मोठ्या संस्थानिकाला व्हाइसरॉय स्वतः देणार, त्याच्या सरदारांना सचिव देणार. कोणाला किती तोफांची सलामी हे जसं लिहून ठेवलेलं, तसंच हे. मी सैन्यात शिष्टाचाराची कामं केली आहेत. बसण्याच्या जागेवरून माणसं किती दुखावतात हे पाहिलं आहे. तेव्हा अत्तराच्या थेंबावरून मानापमान होत असतील यात मला नवल वाटत नाही.

आणि मग ऑक्टोबर १८५५. त्या एका महिन्यात तमिळ मुलखातले दोन दरबार विझले. इकडे चेपॉकला अर्काटचे नवाब गुलाम गौस खान वारले, तिकडे तंजावरला दुसरे शिवाजीराजे. दोघांनाही मुलगा नव्हता. कंपनीनं दोन्ही गाद्या खालसा केल्या. तंजावरला तर राजांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि जिंकला! सरकार लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं. १८५९ मध्ये तिथं निकाल फिरला: ही राज्यकृती आहे, न्यायालयाला यात हात घालता येत नाही. हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. १८६२ मध्ये मालमत्ता परत मिळाली, पण राज्य नाही. तंजावरचं राज्यच गेलं तेव्हा दरबार संपवायला अत्तर-गुलाब आणायचं तरी कोणासाठी?

गुलाब मात्र संपला नाही, तो उतरून जनतेत आला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या सार्वजनिक सभा पाहा. भाषण, आभार, हारतुरे, आणि मग ‘पानसुपारी व अत्तरगुलाब होऊन सभा बरखास्त झाली’ हे वृत्तपत्रांतलं ठरलेलं वाक्य. जे राजा सरदाराला देत असे ते आता सभेचा चिटणीस कारकुनाला आणि शाळामास्तराला देऊ लागला. लोकशाही आली ती काही अंशी गुलाबदाणीतूनही आली, असं मला कधी कधी वाटतं.

इथपर्यंत बोलता बोलता आपण पार्थसारथी मंदिरापाशी पोचलो. आता उजवा हात.

पल्लवांच्या काळातल्या या मंदिराच्या भोवतालच्या रस्त्यांवर संध्याकाळी फुलवाल्या बसतात. इथं गजरा नगावर नाही, मुळावर विकतात. ‘मुळम’ म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं माप, आपला हात. फुलवाली स्वतःच्या हातानं मोजते, तेव्हा लांब हाताची फुलवाली गाठावी असा इथल्या जाणत्यांचा सल्ला आहे. आपला मोगरा म्हणजे इथली मल्ली, जुई म्हणजे मुल्लै, आणि आपल्या जाईला इथं जातिमल्ली म्हणतात. मदुराईच्या मल्लीला तर २०१३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. चेन्नईच्या पश्चिमेला पून्दमल्ली नावाचं गाव आहे, इंग्रजांनी त्याचं पूनामल्ली केलं. नावातच मल्ली बसली आहे.

फुलानं प्रसंग सांगणं ही या भूमीची फार जुनी सवय. माझ्यासारख्या शिपाई माणसाला यातला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे प्राचीन तमिळ काव्यशास्त्रातली युद्धाची फुलं. गुरं पळवायला निघालेल्या तुकडीचं फूल वेट्ची. दुसऱ्याच्या मुलखावर चाल करताना वंजी. किल्ल्याला वेढा घालणारा उळिज्ञै माळणार, तर किल्ला राखणारा नोच्ची, म्हणजे आपली निर्गुडी. समोरासमोरच्या लढाईला तुंबै, ते पांढरं इवलंसं रानफूल. आणि विजयाला वागै, म्हणजे शिरीष. आम्ही गणवेशावर फिती लावत होतो; हे लोक डोक्यात मोहीम माळत होते. ‘तोल्काप्पियम’ या प्राचीन व्याकरणग्रंथात यांतल्या बहुतेकांची मांडणी आहे. तेव्हा ‘देने का कि लगाने का’ हा प्रश्न मला विचारणारा दुकानदार पहिला नव्हता, असं म्हणायला हरकत नाही.

पुन्हा मोगऱ्याकडे. याचा स्वभाव गुलाबाच्या नेमका उलटा. गुलाब तोडला की त्याचा वास उतरू लागतो. मोगऱ्याची कळी तोडल्यावरही जिवंत असते. संध्याकाळी उमलते आणि रात्रभर नवा वास तयार करत राहते. तिला उकळलं तर तो नाजूकपणा बिघडतो. कनौजचे कारागीर डेग-भपक्यात मोगऱ्याचंही अत्तर काढतात, त्याला ‘मोतिया’ म्हणतात, आणि ते सुंदर असतं. पण वेणीतला मोगरा तो नव्हे. म्हणून जुन्या काळी दुसरी युक्ती होती: तिळावर फुलांचे थर द्यायचे, शिळी काढून ताजी घालायची, तिळानं वास प्यायला की मग तेल गाळायचं. तो फुलेल. आज कोइमतूर-मदुराईकडचे कारखाने द्रावकानं अर्क काढतात, तत्त्व तेच, आच टाळायची.

हे ज्ञान आपल्याकडे किती बारकाईनं होतं, ते थोडक्यात सांगतो. सहाव्या शतकातला वराहमिहिर ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर पूर्ण अध्याय लिहितो. चाफ्याचं फूल न वापरता चाफ्याच्या वासाचं तेल कसं करावं, हे सांगतो. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणं होतात, हा हिशेबही त्याचाच. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ‘मानसोल्लास’ लिहितो, मराठी ओळी ज्यात सापडतात तोच ग्रंथ, आणि ऋतू बदलला की अंगाची उटी बदलावी असं सांगतो. पण मला सर्वांत हरखून टाकणारी गोष्ट पुण्याची आहे. भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी हस्तलिखितांतून गंगाधराचा ‘गंधसार’ आणि त्याच्याबरोबरचा ‘गंधवाद’ उजेडात आणला. गंधवादावर चक्क जुनी मराठी टीका आहे! म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी मराठी माणूस सुगंधाचा धंदा मराठीतून समजावून सांगत होता. गंधसारात सहा क्रिया दिल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं हे १९८९ मध्ये छापलं. बडोद्याच्या श्रोत्यांनी जरूर पाहावं.

असो. मुद्दा असा की मोगरा साठवता येत नाही, लांब नेता येत नाही, सकाळी पिवळा पडतो. राजाला त्याचा उपयोग नाही. तो घरासाठी, अंगासाठी आणि आजच्या रात्रीसाठी. गुलाब देतात, मोगरा माळतात. फुलांच्या गुणातूनच हा भेद आला असं मी समजतो. नंतर माणसांनी त्यावर आपले नियम चढवले, आणि त्यातला एक नियम माझ्या घरात राहत होता.

त्यासाठी दहा-पंधरा मिनिटं समुद्राकडे चाला. मरीनाच्या समोर एक गोलाकार दर्शनी भागाची इमारत लागते. आइस हाऊस. १८४२ मध्ये अमेरिकेतून जहाजानं येणारा बर्फ साठवायला बांधलेली. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद इथं राहिले, म्हणून आता तिचं नाव विवेकानंदर इल्लम. पण मधल्या काळात इथं आणखी एक काम झालं. सुब्बलक्ष्मी नावाच्या बाई, १८८६ चा जन्म, लहान वयात विधवा झालेल्या. वडिलांनी शिकवलं, १९११ मध्ये पदवीधर झाल्या. त्यांनी बालविधवांसाठी वसतिगृह काढलं आणि ते काही वर्षांत या इमारतीत आलं. मद्रास त्यांना सिस्टर सुब्बलक्ष्मी म्हणूनच ओळखतं. आपल्याकडे कर्व्यांनी पुण्यात १८९६ मध्ये जे सुरू केलं, त्याच जातीचं काम.

तमिळमध्ये सवाष्णपणाला ‘पूवुम पोट्टुम’ म्हणतात, फूल आणि कुंकू. नवरा गेला की दोन्ही गेलं. आपल्याकडचं वेगळं नाही. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आठवा. आंब्याची डाळ, पन्हं, ओले हरभरे, मनगटावर अत्तर, हातात मोगऱ्याचा गजरा. आणि आतल्या खोलीत बसलेली एखादी काकू किंवा आत्या.

आमच्याकडे ती माझी आई होती. वडील १९९८ मध्ये गेले. त्यानंतर आई आमच्याबरोबर गावोगाव राहिली आणि शेवटी चेन्नईला आली. दर चैत्रात डाळ तीच वाटायची, पन्हं तिच्याच हाताचं, आणि बायका आल्या की ती आत. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. कीर्तनाला किंवा मुंजीला दारात कुणी गुलाबपाणी शिंपडलं तर ती मागं सरत नसे. अत्तराचा बोळा पुढं आला तर गुलाबाचा आहे का, हे वासावरून ओळखून हात पुढं करी. मोगऱ्याचा असला की हात पदरात. मी एकदा विचारलं. ती सहज म्हणाली, “अरे, गुलाब पाहुण्याला देतात. मोगरा सवाष्णीला. मी पाहुणी अजून आहे की!”

दुकानदाराचा प्रश्न तिनं कितीतरी आधी सोडवून ठेवला होता. मला तो त्या दिवशी आइस हाऊससमोर उभं राहिल्यावर कळला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारनंही मग परिपत्रक काढलं. तेव्हा मी ती बातमी आईला वाचून दाखवली होती. तिनं “बरं झालं हो” म्हटलं आणि शेंगा सोलत राहिली. तिच्यासाठी तो ठराव उशिरा आला होता, असं तेव्हा मला वाटलं.

मी दुकानात परत गेलो. म्हटलं, देण्यासाठी गुलाब द्या, आणि मोगरा थोडा, अगदी छोटी कुपी. “वो किसके वास्ते?” “माँ के वास्ते.” त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, काही न बोलता कुपी कागदात गुंडाळली.

सीमांतपूजनाला गुलाबदाणी माझ्या हातात होती. व्याही, विहीणबाई, त्यांची शंभरेक माणसं, सगळ्यांवर शिंपडलं. आईवरही. तिनं हसून पदर सावरला. इथपर्यंत सगळं नियमात होतं. मग विहीणबाईंनी त्यांच्या पद्धतीप्रमाणे मल्लीची भली मोठी माळ आणली आणि कोपराच्या मापानं तोडून आमच्याकडच्या बायकांना द्यायला लागल्या. आईची पाळी आली तेव्हा आईनं हात पदरात घेतला. मी मधे पडायला निघालो होतो. हिनं माझी बाही धरली. विहीणबाईंनी तुकडा मागं घेतला नाही. त्यांच्या त्या तंजावरी मराठीत त्या म्हणाल्या की आजी, आमच्याकडे माझ्या सासूबाईही घेतात, केसात नको तर हातात असू द्या. आणि तशाच उभ्या राहिल्या. मागं रांग थांबली होती.

आईनं हात पुढं केला. फुलं घेतली, नाकाशी नेली, बराच वेळ तशीच बसली. केसात माळली नाहीत.

रात्री आम्ही घरी आलो तेव्हा ती माळ तिच्या खोलीत, वडिलांच्या फोटोखाली पाण्याच्या वाटीत होती आणि खोलीभर वास सुटला होता. मोगऱ्याची कुपी मी तिला दिलीच नाही. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. सकाळी फुलं पिवळी पडली होती. मी वाटी उचलायला गेलो तर आई म्हणाली, “कचऱ्यात नको टाकूस रे. तुळशीत घाल.”